शांत नोंद

१

माणूस गेला की सगळ्यांना एकदम हेल्मेट आठवतं. मी खड्ड्यापाशी पोचले तेव्हा काठावरच्या घोळक्यात तोच काथ्याकूट चालला होता, हेल्मेट होतं की नव्हतं. होतं. अंगावर मातीची अख्खी भिंत आल्यावर हेल्मेट काय करणार? मी म्हटलं, "मागे व्हा, नाहीतर तुमचीही चौकशी मलाच करावी लागेल." अपघातांची चौकशी करता करता माझे केस पांढरे झाले, पण लोकांना अशा जागेवरून गोड शब्दांत हटवणं मला अजून जमत नाही.

गेलेल्या माणसाला सगळे घण्या म्हणायचे, कारण त्याचं काम घण मारायचं. जमिनीखाली पाणी किती खोल आहे आणि माती कसली आहे, हे न खणता शोधणारं एक छोटं पथक असतं, त्यातला तो. इथे वाचनालयाची इमारत व्हायची होती. पायाचा खड्डा खणून झाला होता आणि काँक्रीट ओतण्याआधी तळाखाली काय आहे ते बघायला या पथकाला बोलावलं होतं.

खड्ड्याच्या तळाला चिकणमाती, तिच्याखाली वाळू आणि वाळूत पाणी. ते वर चढू नये म्हणून शेजारी बोअर मारून त्यात मोटर सोडलेली. ती रात्रंदिवस पाणी उपसायची आणि पाइपने कुंपणाच्या भिंतीपलीकडच्या नाल्यात टाकायची. मोटर बोअरच्या पार तळाशी, त्यामुळे वर तिचा आवाज म्हणून येत नाही. ती फिरतेय की गप्प आहे, हे काठावर उभं राहून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

आदल्या दिवसापासून ती गप्प होती. रात्रभरात वाळूतलं पाणी चढलं. वरची चिकणमाती मात्र कोरडीच दिसत राहिली. सकाळी घण्या तळाशी राहिलेली आपली घणाखालची लोखंडी प्लेट आणायला उतरला आणि उजवी बाजू पायथ्यातून सुटून त्याच्यावर आली. इथपर्यंत कोणाचंच दुमत नव्हतं.

अपघातानंतर कशालाही हात लावायचा नाही असा हुकूम होता, म्हणून सगळं जसंच्या तसं होतं. मी आधी वीज पाहिली. मेन स्विच वर होता, वायर धडधाकट होती. मग मोटरच्या स्टार्टरचा डबा उघडायला लावला आणि हिरवं बटण दाबलं. काटा हलला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे जाऊन पाहिलं, तर नाल्यात धो धो पाणी पडत होतं.

म्हणजे वीज आलेली, मोटर ठणठणीत, आणि तरी ती रात्रभर बंद. बटण दाबायचं तेवढं कोणीतरी दाबलं नव्हतं.

फाटकाशी एक बाई भिंतीला टेकून उभी होती. तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. घाईत घातलेल्या, आणि नंतर बदलायचं भान न राहिलेल्या. ती घण्याची आई होती.

"साहेबबाई," ती म्हणाली, "माझी मुलगी पण ह्याच कामावर आहे. दोघांचं आदल्या दिवशी भांडण झालं होतं. त्याचा खांदा दुखतो म्हणून ती त्याला काम सोड म्हणत होती, एवढंच. आता लोक म्हणतात, रागाच्या भरात तिनेच मोटर बंद केली. तुम्ही शोधा. काय निघेल ते आधी मला सांगा. एक गेलाय माझा. दुसरी माझी आहे की नाही, तेवढं मला कळू दे."

मी तिला काही कबूल करायला नको होतं. तरी बरं म्हणून बसले.

२

पथकाचे प्रमुख म्हणजे सर. कपाळावर आठ्या आणि गुडघ्यांवर माती. साइटच्या पत्र्याच्या खोलीत ते गुंडाळलेल्या वायरींच्या ढिगाजवळ बसले होते. मी खुर्ची ओढायच्या आतच म्हणाले, "चूक माझी आहे. लिहून टाका."

"आधी झालं काय ते सांगा," मी म्हटलं. "चूक कोणाची ते ठरवायला मला ठेवलंय."

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवायची आणि तिच्यावर घण मारायचा. हादरा खाली जातो. जिथे कोरडी माती संपून ओली लागते, तिथे मातीच्या बारीक छिद्रांतलं पाणी त्या हादऱ्याने इवलंसं सरकतं, आणि पाणी सरकलं की विजेची एक बारीकशी चुणूक उठते. जमिनीत रोवलेल्या सळ्या ती टिपतात. शेजारी जमिनीचं हलणं टिपणारे जिओफोन असतातच. दोन्ही मिळून पाणी कुठे आहे ते सांगतात.

"पण ती चुणूक इतकी क्षीण असते," सर म्हणाले, "की आसपासच्या विजेच्या तारांची गुणगुण तिला गिळून टाकते. कारखान्यात कोणी कानाशी पुटपुटावं तसं. म्हणून आम्ही आधी वीज बंद करायला लावतो. मोटर बंद झाली ती त्यामुळे. मीच सांगितलं होतं. म्हणून म्हणतो, चूक माझी."

"परत सुरू करायला नाही सांगितलंत?"

"सांगितलं ना. शेवटचा घण झाला, मी या खोलीत आलो आणि वायरमनला फोन केला की आता मेन टाका. मला घाई झाली होती. तेवढ्यासाठी ही पोरगी मला नेहमी बोलते."

ही पोरगी म्हणजे घण्याची धाकटी बहीण. घण तो मारायचा, यंत्रापाशी ती. नोंद होताना कोणी पाऊल जरी टाकलं तरी जिओफोनला ते लागतं, म्हणून ती साऱ्या जगाला गप्प करायची. सगळे तिला चूपताई म्हणायचे.

"यंत्र तयार झालं की ती ओरडायची, 'चालू!' की सगळे जिथल्या तिथे पुतळे. मग हा घण मारायचा. दिवसभर तेच. नव्या साइटवर गेलो की घण्या लोकांना सांगायचा, सांभाळून राहा, माझी बहीण फार चालू आहे." सर हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत बसले.

वायरमन सडपातळ आणि वैतागलेला होता. मागच्या गल्लीतल्या मीटरच्या खोलीत त्याने मला मेन स्विच दाखवला. "फोन आला, मी मेन टाकला. तुम्हीच बघितलंत, वर आहे. माझं काम तिथे संपलं."

"आणि स्टार्टर?"

"वीज गेली की तो पडतो, मॅडम. वीज आली म्हणून आपोआप उठत नाही, परत दाबावा लागतो. पण तो डबा खड्ड्याच्या पलीकडे आणि कुलूप मुकादमांचं. मी गल्लीतून हाललोच नाही."

"मुकादमांशी बोललात?"

"एक अक्षर नाही. ते दिवसभर दुसऱ्या टोकाला काँक्रीटमागे होते."

तो खोटं बोलत नव्हता. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने त्याला मेन टाकून तिथेच बिडी ओढताना पाहिलं होतं. मग मुकादमाने बटण का दाबलं नाही?

३

मुकादम आडदांड माणूस. जड बूट, बसका आवाज, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघण्याची सवय. त्याच्याबद्दल माझं मत पहिल्या मिनिटातच वाईट झालं होतं, हे मान्य करते.

"संध्याकाळी मी खड्ड्याकडे आलो," तो म्हणाला. "काठावरूनच हाक मारली, मोटर झाली का चालू? उत्तर आलं, चालू. म्हटलं, वायरमनने दाबला असेल स्टार्टर. चावी दिवसभर त्या डब्यालाच लटकत होती. मी परत फिरलो."

"उत्तर कोणी दिलं?"

त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरलं.

"अहो, कोणी दिलं?"

"आठवत नाही."

"बाईचा आवाज होता की बाप्याचा?"

"वारा होता. नाही सांगता येत."

"तुमच्या जागेवर एक माणूस जिवानिशी गेला आणि तुम्ही मला वारा सांगताय?"

त्याने बुटांकडे बघितलं. "माझं नाव लिहा. स्टार्टर माझा, कुलूप माझं. मी डोळ्यांनी बघायला गेलो नाही, हे खरं आहे. तेवढं लिहा आणि बाकीचं सोडून द्या."

आता बघा. दोष झटकणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. एकमेकांवर ढकलतात, देवावर ढकलतात, मेलेल्यावर तर हमखास ढकलतात. इथे एकामागून एक बाप्या दोष मागून घेत होता. सरांचं समजण्यासारखं होतं, त्यांना घण्याचं दुःख होतं. मुकादमाला काय पडलं होतं? त्याला वाचायचं असतं तर 'वायरमन म्हणाला' एवढं बोलून तो मोकळा झाला असता. ज्याला खोटं बोलून फायदा नाही, तो खोटं बोलतो तेव्हा दुसऱ्या कोणासाठी तरी बोलत असतो.

मी त्या वेळेची माणसं मांडून पाहिली. वायरमन गल्लीत. सर पत्र्याच्या खोलीत. घण्या फाटकाबाहेर गाडीत सामान भरत होता, हे रखवालदाराने सांगितलं. मुकादमाचे कामगार दुसऱ्या टोकाला हात धूत होते. खड्ड्यापाशी एकच माणूस उरत होतं.

फाटकाशी उभी असलेली ती आई मला आठवली.

४

चूपताईला मी त्याच पत्र्याच्या खोलीत बोलावलं. ती यंत्र उराशी धरून आली आणि माझ्यासमोर ते टेबलावर ठेवलं. डोळे कोरडे होते. रडून संपलेले असावेत.

"तुझं आणि भावाचं भांडण झालं होतं?"

"हो. मी त्याला म्हटलं, खांदा निखळला तर तुला भरवायला मी येणार नाही. तो म्हणाला, तू नाही तर कोण येणार." तिने यंत्राची वायर सरळ केली. "मोटरला मी हात लावला नाही, मॅडम. मला तो डबा कुठे आहे तेही माहीत नव्हतं."

"शेवटचा घण झाल्यावर तू काय करत होतीस?"

"शांत नोंद घेत होते. काम संपलं की घण न मारता एक नोंद घ्यायची असते. जमीन आपली आपण कशी असते, ते कळायला. मग त्याच्याशी बाकीच्या नोंदी ताडून बघता येतात. पण ती नोंद वाया गेली. मी परत उघडून पाहिलीसुद्धा नाही."

"दाखव मला."

"वाया गेलीय म्हटलं ना."

"तरी दाखव. मला यातलं काही कळत नाही. समजावून सांग."

आधी तिने घणाची एक नोंद काढली. पडद्यावर रेघाच रेघा. एरवी घुमी वाटणारी पोरगी बोलायला लागली. "ह्या सळ्यांच्या रेघा. जमिनीचा हादरा एकेका जिओफोनला पोचायला वेळ लागतो, जवळच्याला आधी, लांबच्याला नंतर. पण हे बघा, खालच्या पाण्याचा निरोप सगळ्या सळ्यांना एकदमच आला. वीज आहे ना ती. आणि प्लेटच्या डावीकडे वर, तर उजवीकडे खाली, बरोब्बर उलट. असं दिसलं की समजायचं, पाणी बोललं. दादा प्रत्येक वेळी विचारायचा, बोललं का गं?"

"आणि शांत नोंद?"

तिने ती उघडली. सगळ्या सळ्यांवर एकसारख्या दाट लाटा होत्या.

"ही विजेची गुणगुण. सरांनी घाई केली, माझी नोंद संपायच्या आत मेन टाकायला लावला. म्हणून वाया गेली."

"म्हणजे या क्षणी वीज आलेली होती."

"नक्कीच."

"आणि मोटर फिरत होती?"

तिने जिओफोनच्या रेघांवर बोट ठेवलं. "नाही. ती फिरत असली की जमीन सारखी थरथरते. त्या दिवशी सकाळी आम्ही वीज बंद करायच्या आधीची नोंद आहे माझ्याकडे, त्यात थरथर आहे. इथे जमीन गप्प आहे. वीज आलीय, पण मोटर उठलेली नाही." तिने मान वर केली. "म्हणजे स्टार्टर पडलेलाच होता."

"शाबास. आता ह्या टोकाला हे काय आहे?"

मी दाखवलेल्या जागी, खड्ड्याच्या पलीकडच्या जिओफोनवर, ठरावीक अंतराने ठळक खुणा होत्या. पुढच्या जिओफोनवर जरा मोठ्या. मग एकदम काही नाही.

"पावलं. कोणीतरी चालत येतंय. वजनदार माणूस आहे, बूट घातलेला. काठापर्यंत आला." तिला राग आला, अजूनही. "नोंद चालू असताना लोक असे बिनधास्त फिरतात."

"मग इथे पावलं का थांबली?"

"मी ओरडले असेन. मी नेहमीच..."

ती बोलायची थांबली.

तिचं बोट त्या शेवटच्या खुणेवर टेकलेलं होतं.

"तो काय म्हणाला होता?" तिने हळू विचारलं. "नोंद ऐकायला माझ्या कानांवर हेडफोन होते. कोणीतरी आलंय एवढंच दिसलं मला."

"त्याने विचारलं, मोटर झाली का चालू."

ती टेबलावर वाकली. तिने तिच्या भाषेत म्हटलं होतं, नोंद चालू आहे, हलू नका. त्याने त्याच्या भाषेत ऐकलं, मोटर चालू आहे, काळजी नको. ती खरंच बोलली होती आणि त्याने बरोबरच ऐकलं होतं.

नंतर मी तिला सांगायचं ते सगळं सांगितलं. की ज्या खड्ड्यात माणसं उतरतात त्याची सुरक्षितता एका हाकेवर ठेवणं, हाच गुन्हा. मोटर फिरतेय की नाही हे दाखवणारा एक लाल दिवा तिथे हवा होता, तो लावला नाही तो ठेकेदाराने. बटण बघायचं काम मुकादमाचं. अहवालात मी हेच लिहिणार होते आणि नंतर लिहिलंही, शब्दन् शब्द खरं.

"मुकादमांनी माझा आवाज ओळखला नव्हता?" तिने विचारलं.

"ओळखला असणार. पण सकाळी तू हातांनी माती उपसत होतीस ते त्यांनी पाहिलं. म्हणूनच मला सांगितलं नसावं."

तिने यंत्र बंद केलं. "आईला मी सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही फक्त बरोबर चला."

५

दोन खोल्यांचं घर. दाराशी घण्याचे बूट होते, कोणी हलवले नव्हते. आई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मुलगी तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि एका दमात सगळं बोलली. काही झाकलं नाही, रडली नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही.

म्हणून ती मी मांडली. अहवालात तिचा काडीचाही दोष नाही, कायद्यात नाही, कशातच नाही, असं मी दोन-तीनदा म्हटलं. आईने मला शेवटपर्यंत बोलू दिलं.

"ते बरं झालं, साहेबबाई," ती म्हणाली. "कागदावर बरं झालं. पण आता हिचा आवाज आला की मला काय आठवेल, ते पण लिहा."

मी माझी वही मिटून पिशवीत ठेवली.

मुलगी उठायला लागली. कुठे जाणार होती कोणास ठाऊक, तिलाही माहीत नसावं. दारापर्यंत गेली तेव्हा आईने हाक मारली.

"तो असता आणि तुझ्या हातून दुसऱ्याच्या घरचं कोणी गेलं असतं, तर काय म्हणाला असता तुला?"

"काही म्हणाला नसता." मुलगी वळली. "जवळ बसला असता."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"समोर नको बसूस," ती शेवटी म्हणाली. "आज तुझं तोंड मला बघवणार नाही. उद्याही नाही बघवणार कदाचित. इकडे ये. इथे शेजारी बस."

मुलगी खाटेवर जाऊन बसली, आईच्या डाव्या बाजूला, जरा अंतर ठेवून. आईने समोरच्या भिंतीवरची नजर काढली नाही. फक्त हात लांब करून तिला जवळ ओढलं. मी दार लोटून घेतलं आणि जिना उतरले.